चेंबरवरची सतरंजी

कंडक्टरबाईचा आवाज गल्लीत कुणालाच आवडत नसे, आणि त्या आवाजाशिवाय गल्लीतलं एकही काम होत नसे. नळाला पाणी आलं नाही की सगळे खिडकीतून तिच्या दाराकडे बघायचे. तिने फोनवर कुणाला तरी झाडलं, पाणी आलं, की हेच लोक बादल्या भरता भरता म्हणायचे, "काय बाई तो घसा! घरात लाऊडस्पीकर गिळून बसते की काय?"

अर्धं आयुष्य ती शहराच्या बसमध्ये तिकिटं देत आली होती. गच्च भरलेल्या गाडीत मागच्या दारातून पुढच्या माणसाला 'सरका पुढे, घरीपण असेच उंबऱ्यात उभे राहता का?' असं विचारायचं तर मधाळ गळा उपयोगाचा नाही. सुताराच्या अंगाला चिकटून भुसा घरी येतो, तसा तो आवाज तिच्याबरोबर घरी आला आणि राहिला. तिची मोठी नणंद वरच्या मजल्यावर राहायची. तिला या गोष्टीची फार लाज. "अगं, बाईमाणसाचा आवाज कसा, शेजारच्या खोलीत जाईपर्यंत विरला पाहिजे," ती म्हणायची. कंडक्टरबाई म्हणायची, "ताई, मग माझी माणसं भलत्याच स्टॉपवर उतरली असती."

तिचा नवरा याच्या अगदी उलट. किल्ल्या बनवायचा. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे त्याची पत्र्याची टपरी होती. आत एक स्टूल, किल्ली घट्ट धरायला एक शिकंजा, कानशी आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या. कुणाशी चढ्या आवाजात बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. काचबिंदूने त्याचे डोळे हळूहळू आतून विझवले होते. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. पण किल्ली डोळ्यांनी बनत नाही. जुनी किल्ली डाव्या हाताच्या बोटांत धरायची, तिचे दाते अंगठ्याने वाचायचे आणि उजव्या हाताने कानस चालवायची. गिऱ्हाइकांना कित्येकदा पत्ताच लागायचा नाही की समोरच्या माणसाला दिसत नाही.

डॉक्टर म्हणाले, आता एकट्याने फिरू नका. नणंद म्हणाली, आता घरी बस, पुष्कळ झालं. त्याने दोघांचंही ऐकून घेतलं आणि मग बायकोला एकच गोष्ट सांगितली, "ज्या दिवशी मला कुणी हात धरून दुकानात नेईल, त्या दिवशी दुकान बंद." तो हे हळूच म्हणाला, नेहमीसारखं. पण मऊ माणसाचा हट्ट ओल्या दोरीच्या गाठीसारखा असतो, सोडवायला जावं तर आणखी घट्ट बसतो. तिला हे माहीत होतं. म्हणून तिने त्याचा हात कधी धरला नाही. दारात उभी राहून तो वळणाआड जाईपर्यंत नुसती बघत राहायची, आणि तेवढा वेळ तिचा तो जगप्रसिद्ध आवाज घशातच बसून असायचा.

त्याची वाट अशी होती. घरातून निघालं की डावा हात भिंतीला. इस्त्रीच्या दुकानाची वाफ गालाला लागली की पुढे पाण्याच्या पंपाची घरघर. पंप मागे पडला की वळण, आणि वळणावर गल्लीचा उकिरडा. त्याचा वास नाकात शिरला की डावी भिंत सोडायची आणि समोरची उजवी धरायची. कारण उकिरड्याच्या पुढे, डाव्या अंगाला, ड्रेनेजचं चेंबर उघडं पडलेलं होतं. येताना हेच सगळं उलटं. "लोक मैलाचा दगड बघून चालतात," तो हसून म्हणायचा, "माझा मैलाचा दगड नाकाने बघायचा आहे."

त्याला हसू यायचं. तिला संताप यायचा, आणि का येऊ नये? कचरागाडी रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी येऊन भोंगा वाजवायची. तिथवर चार पावलं जायचा गल्लीला कंटाळा. वळणावरून पिशवी भिरकावली की झालं. वळणावर दिवा होता, त्या उजेडात पिशवी भिरकावणारा दिसायचा. मग एके दिवशी दिव्यालाच दगड बसला. उजेडात घाण करायची लाज वाटली, तर माणसाने घाण करणं सोडावं. यांनी दिवा फोडला. चेंबरचं झाकण कुठल्याशा ट्रकने मागे घेताना फोडलं. नगरपालिकेची माणसं आली, तुकडे उचलून घेऊन गेली, खूण म्हणून भोकात एक काठी उभी करून गेली. ती काठी कुणीतरी कपडे वाळत घालायला नेली. अशी ही गल्ली, आणि घराघरात फरशी मात्र अशी लखलखीत की तोंड बघून घ्यावं.

कंडक्टरबाई नगरपालिकेच्या ऑफिसात खेटे घालू लागली. या खिडकीवरून त्या खिडकीवर, त्या खिडकीवरून साहेब जेवायला गेलेत तिथवर. गल्लीची एक समिती होती आणि समितीला एक अध्यक्ष होते. कुठल्याशा खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना खुर्चीशिवाय बसता येत नसे. ते प्रत्येक बैठकीत म्हणायचे, "विचार करू." कंडक्टरबाई म्हणायची, "विचार झाला, आता झाकण करू." की अध्यक्ष दोन्ही हातांनी हवा दाबल्यासारखं करून म्हणायचे, "वहिनी, हळू. ही बस नाही."

शेवटी एकदाचे साहेब पाहणीला यायला कबूल झाले. तिला त्या दिवशी सकाळची ड्युटी होती आणि रजा काही मिळेना. आदल्या दिवशी तिने सगळ्यांना वळणावर उभं केलं आणि बजावलं, "हे बघा, कुणी काही हलवायचं नाही. एक कागदसुद्धा उचलायचा नाही. आहे तसं बघू दे त्यांना. नाकाला रुमाल लावून बघू दे."

सगळ्यांनी माना हलवल्या. नणंदेने सगळ्यात जोरात हलवली. पण पाहुणा यायचा म्हटलं की या माणसांच्या हाताला खाज सुटते. घरात कुणी नवखं येणार असलं की पसारा पलंगाखाली ढकलायचा, फाटक्या गादीवर नवी चादर घालायची आणि चहाला ठेवणीतले कप काढायचे. जन्मभराची सवय ती. साहेब म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणाच.

ती दुपारी ड्युटी संपवून बसमधून उतरली आणि गल्लीत शिरली तेव्हा आधी तिला वाटलं, आपण चुकून भलत्याच गल्लीत आलो. जमीन धुतलेली. भिंतीला कडेने चुन्याची रेघ. फिनाइलचा वास. अध्यक्षांच्या घराबाहेर टेबल आणि त्यावर ठेवणीतले कप, चहा पिऊन ठेवलेले. नणंद ठेवणीतली साडी नेसून उभी होती आणि चेहऱ्यावर मुलीचं लग्न ठरल्यासारखा आनंद.

"अगं, थोडक्यात गाठ चुकली! साहेब आत्ताच गेले. काय खूश झाले म्हणून सांगू! म्हणाले, अशी गल्ली मी साऱ्या शहरात पाहिली नाही."

"उकिरडा?" कंडक्टरबाईने विचारलं.

"तो सकाळीच हातगाडीवर भरून मागच्या गल्लीत नेऊन टाकला," अध्यक्ष पुढे होत म्हणाले. "वहिनी, तुमचं म्हणणं पटलं होतं हो. पण चार लोकांत शोभा नको. बाहेरच्या माणसासमोर आपली घाण कशी दाखवायची?"

"अहो, घाण दाखवायलाच बोलावलं होतं त्यांना!"

"तरी तोंडी सांगितलं की मी, थोडी अडचण आहे म्हणून."

"आणि चेंबर?"

"त्याची काळजी नको. प्लायवूडचा तुकडा होता माझ्याकडे, तो टाकला. वर सतरंजी. कळतसुद्धा नाही बघा! साहेबांनी तिथेच उभं राहून चहा घेतला."

तिने हातातली तिकिटाची पेटी टेबलावर ठेवली. त्या क्षणी तिला एक गोष्ट आठवली. जेवून तो टपरीकडे निघतो ती ही वेळ. गल्लीत आज वास नव्हता. फिनाइलने सगळे वास धुऊन काढले होते.

ती वळणाकडे धावली आणि धावताना तिने हाक मारली, पण लाकूड मोडल्याचा आवाज तिच्या हाकेच्या आधी आला.

चौघांनी मिळून त्याला वर काढलं. गुडघ्यापर्यंत काळा चिखल, कपाळ फुटलेलं, आणि उजवा पाय घोट्यापाशी भलत्याच दिशेला वळलेला. त्याच्या अंगाला गुंडाळून ती सतरंजीही वर आली. तो ओरडला नाही. नुसतं विचारत राहिला, "वळण कुठे गेलं? अगं, वळण आलंच नाही." नणंद तोंडात पदर कोंबून रडत होती. अध्यक्ष म्हणत होते, साहेब एवढे उभे राहिले तेव्हा काही झालं नाही. ही त्यांची समजूत. एकदा एका माणसाचं ओझं पेललं म्हणजे फळी कायमची पेलणार.

घोट्याला प्लास्टर पडलं. घरी आल्यावर त्याने खिशातून टपरीची किल्ली काढली आणि बायकोच्या हातात ठेवली.

"पाटी उतरवून ठेव," तो म्हणाला.

"पाय आहे तो. जुळेल."

"पायाचं नाही गं. पाय जुळेलच. माझी वाट गेली. आता मला तिथवर कुणीतरी न्यायला लागणार, आणि कुणी नेलं की..." तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

संध्याकाळी नगरपालिकेचा संदेश तिच्या फोनवर आला. 'पाहणीत परिसर स्वच्छ आढळला. आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' तिने तो वाचला आणि तिला वाटलं, आपल्या डोक्याच्या चिंधड्या होतील. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. पण ती रडणाऱ्यातली नव्हती. रागावली की ती गप्प व्हायची, आणि बसमधल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं की कंडक्टरबाई गप्प झाली म्हणजे आता कुणीतरी उतरणार.

दुसऱ्या दिवशी ती गणवेश घालून ऑफिसात गेली. काखेत ती सतरंजी, चिखलासकट, आणि हातात प्लायवूडचे दोन तुकडे. रांगेतले लोक आपोआप बाजूला झाले, वासच तसा होता. शिपाई "ओ बाई, ओ बाई" करत मागे धावला. साहेबांच्या टेबलावर पांढरी काच होती. तिने सतरंजी त्या काचेवर पसरली.

"हे काय आहे?" साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"ओळखलं नाहीत? काल यावर उभं राहून चहा घेतलात."

"बाई, हे बघा, मी पाहिलं तेव्हा तिथे घाण नव्हती. जे दिसलं तेच मी लिहिलं."

"मग खाली बघायचं नाही? उघड्या चेंबरची तक्रार होती. चेंबर कुठे आहे, एवढं तरी विचारायचं!" आता तिचा आवाज सुटला. वरच्या मजल्यावरचं टायपिंग थांबलं म्हणतात. "आमची माणसं मूर्ख आहेत. पाहुणा आला की पसारा झाकतात. पण तुम्ही पाहुणे म्हणून आला होतात की कामाला आला होतात? कामाला आलात तर चहा कशाला प्यायलात? माझा नवरा तुमच्या चहाच्या जागेत पडलाय. त्याला दिसत नाही. तुम्हाला तर दिसतं ना? मग तुमच्या डोळ्यांना काय झालं होतं?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि परत ठेवला. म्हणाले, आता नवी तक्रार द्या, मग नवी पाहणी होईल.

"पाहणी आत्ता," ती म्हणाली. "मी इथेच बसते. सतरंजीपण इथेच बसेल."

साहेब उठले. माणूस धैर्याने उठतो तसा कधी दुर्गंधीनेही उठतो.

इकडे गल्लीत वेगळंच नाटक चालू होतं. मागच्या गल्लीतले लोक चवताळून आले होते. या गल्लीचा उकिरडा एका दिवसात त्यांच्या दाराशी कसा, हे त्यांना कळायला वेळ लागला नव्हता, कारण त्यात अध्यक्षांच्या नावाचे लखोटे होते. त्यांनी तो सगळा हातगाडीवर भरला आणि सव्याज परत आणला. म्हणजे थोडा स्वतःचाही घातला. साहेब पोचले तेव्हा वळणावर नेहमीचा डोंगर पुन्हा उभा होता, त्याच्या पुढे चेंबर आ वासून होतं आणि दोन गल्ल्या एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"आता लिहा," कंडक्टरबाई म्हणाली. "जे दिसतंय तेच लिहा."

अध्यक्षांनी पुढे होऊन विचारलं, साहेब, चहा? तिने त्यांच्याकडे असं बघितलं की चहा त्यांच्या घशातच थंड झाला. मग ती साऱ्या गल्लीकडे वळली. "आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, याच्यात जन्म गेला तुमचा. काल माझं माणूस पडलं. तुमच्यातलं एक जरी पोर पडलं असतं तर हे कप काढले असतेत का? शोभा म्हणे! गल्लीत खड्डा ठेवून दारात चुना ओढायचा, याला शोभा म्हणतात? थू!"

ती खरोखर थुंकली नाही. पण कुणाला तरी ओलं लागल्यासारखं झालं, कारण पुढची रांग मागे सरली.

झाकण आलं. जाड लोखंडी, चौघांना उचलावं लागेल असं. वळणावर दिवा लागला. उकिरडा गेला आणि लोक भोंगा वाजला की पिशव्या घेऊन गाडीपर्यंत जाऊ लागले, काही लाजेने, काही कंडक्टरबाई दारात उभी असायची म्हणून. अध्यक्षांनी झाकणावर पाय ठेवून फोटो काढून घेतला. शिकाऱ्याने वाघावर ठेवावा तसा पाय. फोटोला तिलाही बोलावलं होतं. ती म्हणाली, माझ्या माणसाला चालता येऊ दे, मग बघू.

नणंद तेवढ्या दिवसांत रोज भावाजवळ येऊन बसायची. एकदा म्हणाली, "चुकलं गं माझं. सतरंजी माझीच होती." कंडक्टरबाईने तिच्यापुढे चहा ठेवला, साध्या कपात.

प्लास्टर निघालं. पाय जुळला. पण तो दारापर्यंत यायचा आणि परत फिरायचा. इस्त्रीची वाफ होती, पंपाची घरघर होती, पुढे मात्र काही नव्हतं. वळण कळत नव्हतं. स्वच्छ गल्लीला वास नसतो. तिने ज्यासाठी एवढा जीव जाळला ती गल्ली आता साऱ्या जगाला चालायला सोपी होती, आणि नेमकी त्याला नव्हती. याचा राग कुणावर काढायचा हे तिला कळेना. एकदा ती म्हणाली, "मी बरोबर येते, हात नाही धरणार." त्याने मान हलवली. पाटी दाराआड उभी होती, किल्ली तिच्या तिकिटाच्या पेटीत पडून होती.

असंच एका सकाळी त्याने काठी घेतली आणि पंपापर्यंत गेला. ती ड्युटीला निघायची पेटी खांद्याला अडकवून दारातून बघत होती. पंपाच्या पुढे तो थांबला, नाक वर केलं आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"अगं!" तो मागे वळून ओरडला, आयुष्यात पहिल्यांदाच ओरडला असावा. "वळण आलं!"

ती धावत पोचली. नव्या दिव्याच्या बरोबर खाली, नव्या झाकणाच्या अलीकडे, एक पिशवी पडली होती. तोंड सुटलेलं, आतून आंबलेलं पाणी गळतंय. पिशवी पडद्यांच्या दुकानाची होती, आणि साऱ्या गल्लीत नवे पडदे एकाच घराला लागले होते.

एक क्षण तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तो आनंदाने नाक फुलवून उभा होता. आणि खरं सांगायचं तर एक क्षण तिला वाटलं, राहू द्यावी ही पिशवी. पडू द्यावी इथे रोज एक.

मग तिने पिशवी उचलली. थेंब गळत गळत अध्यक्षांच्या दाराशी गेली, वळणाला लागूनच होतं ते, आणि नवे पडदे थरथरतील अशा आवाजात सुरू झाली. "बाहेर या! या, फोटो काढायचाय ना? या, याच्यावर पाय ठेवा! चार पावलं गाडीपर्यंत जायला पाय मोडले होते का? मोडलेला पाय दाखवू का तुम्हाला? समितीचे अध्यक्ष म्हणे! अहो, उकिरड्याचे अध्यक्ष!"

दारं उघडली. खिडक्या उघडल्या. आतून अध्यक्षांचा आवाज आला, "वहिनी, हळू. हळू बोला. लोक बघतायत."

लाज कशी ती माहीत नाही, पण 'लोक बघतायत' बरोबर ठाऊक! तिने श्वास घेतला पुढचं बोलायला, तेव्हा मागून नवऱ्याची हाक आली.

"अगं, थांबू नकोस."

तिने वळून पाहिलं. त्याने डावी भिंत सोडली होती आणि मान तिच्या दिशेला कलती करून उभा होता.

"काय?"

"ओरडत राहा," तो म्हणाला. "तू वळणावर उभी आहेस ना? मला बरोबर कळतंय. किल्ली तेवढी दे."

तिने पेटीतून किल्ली काढून त्याच्या पुढे आलेल्या हातात ठेवली, आणि हाताला हात लागू दिला नाही. मग ती अध्यक्षांच्या दाराकडे वळली आणि तिने पुन्हा सुरुवात केली, पहिल्यापासून, दुप्पट आवाजात. सतरंजीपासून ते त्यांच्या पडद्यांपर्यंत काही सोडलं नाही. आवाज तिने खाली येऊ दिला नाही. पाठीमागे काठी लोखंडी झाकणावर एकदा ठण्ण वाजली आणि पुढे गेली. टपरीचं शटर वर जाण्याचा खडखडाट ऐकू येईपर्यंत ती ओरडत राहिली.